ताट पुढं गेलं

ताट माझ्यासमोर आलं, माझा उजवा हात छातीवर गेला, मान खाली झाली, तोंडातून निघालं, "नको नको, आधी तुम्ही," आणि ताट पुढं गेलं. एवढंच झालं. छत कोसळलं नाही, दिवा विझला नाही, खिडकीच्या पत्र्यावर कबुतरं बसली होती ती कबुतरंच राहिली. एरवी ही गोष्ट मी सांगितली असती तर कबुतरांचे निदान गरुड झाले असते आणि त्यातला एक तरी माझ्या खांद्यावर येऊन बसला असता. पण त्या रविवारी शेजारीण नेल्याच्या घरात गरुड आला नाही. मी दारासमोरच्या भिंतीला पाठ लावून, जाड गादीवर, मानाच्या जागी बसले होते. वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून तिथंच बसवतात, आणि बसवताना बाही धरून ओढावं लागतं, तसं ओढून घेतलं होतं मी. निळ्या काठाचं ताट, त्यात नानचे मोडलेले तुकडे. ते शेजारच्या बाईकडं गेलं, तिनं तुकडा घेतला, मग तिच्या पलीकडच्यानं घेतला, ताट फिरत फिरत दारापर्यंत गेलं आणि तिथून टेबलावर जाऊन बसलं. मी वाट बघत होते. आता नेल्या परत वळेल, म्हणेल, आपा, असं कसं, घ्या की, मी म्हणेन, छे छे, माझं पोट भरलंय, ती म्हणेल, माझी शपथ आहे, आणि मग मी, आता तू एवढं म्हणतेस तर, असं म्हणून घेईन. माझ्या हयातीत मी नको म्हटलं आणि समोरच्यानं खरंच दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. नेल्या वळली नाही. सगळ्यांनी डोळे मिटले होते. मी एकटीच उघडे डोळे ठेवून त्या ताटाकडं बघत बसले, लग्नात वाढपी विसरून गेलेल्या माणसासारखी.

आणि ठरवलं होतं मी. आठवडाभर घोळवून घोळवून ठरवलं होतं. नेल्याचा नवरा गेना, आयुष्यभर रेल्वेची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, अजूनही बोलताना एखादा नट आवळतोय असं वाटतं, त्यानं आधीच सरळ सांगितलं होतं की हे येशूचं जेवण आहे. ज्याला त्यानं बोलावल्याचं कळलंय आणि ज्याला यायचंय त्यानं घ्यावं, बाकीच्यांनी ताट पुढं जाऊ द्यावं, कुणी वाईट वाटून घेणार नाही. मी घेणार होते. मी मनात हो म्हटलं होतं. मग नको कोण म्हणालं? माझा हात म्हणाला. आता हात म्हणाला ते धरायचं की मन म्हणालं ते? ज्यानं बोलावलं त्याला आमच्याकडची रीत माहीत असेल की नसेल? जिना उतरताना मी हेच घोळवत होते. वर चौथ्या मजल्यावर नेल्या, खाली दुसऱ्यावर आमचं घर, मधे एकच मजला, पण तेवढ्यात मी इतका विचार केला की मधल्या मजल्यावरच्या म्हातारीनं दार उघडून विचारलं, चावी हरवली का म्हणून.

आमच्याकडं नको म्हणणं हीच तर अर्धी मेजवानी असते. मानाच्या जागेवर कुणी आपणहून जाऊन बसला तर त्याला चार गावं नावं ठेवतात. आमच्या डोंगरात दोन म्हातारे होते, दोघांची दाढी सारखीच पांढरी. एका लग्नात दोघं उंबऱ्याच्या आत आले आणि हा म्हणतो तू वर बस, तो म्हणतो तू वर बस. रस्सा गोठला. नवरी म्हातारी झाली. कापलेल्या मेंढीनं बराच वेळ ऐकून घेतलं, मग तिला पुन्हा लोकर आली, ती ताटातून उठली आणि कुरणात निघून गेली, आणि ते दोघं अजून उभेच आहेत, जाऊन बघा. ही मी सगळ्यांना सांगत आलेली गोष्ट. आसनअली, माझा नवरा, दर वेळी हसून ठसका लागेपर्यंत ऐकायचा. पण त्या रविवारी मला पहिल्यांदा त्या मेंढीची बाजू कळली.

घरी आल्यावर सुनेनं, आयझिरेकनं, तोंडाकडं बघून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, ताट पुढं गेलं. ती म्हणाली, म्हणजे घेतलं नाहीत? मी म्हटलं, नको म्हटलं मी. तिनं असा श्वास सोडला की टेबलावरचा रुमाल हलला. मला सांगायचं होतं की अगं, तसं नको नव्हे, आपलं नेहमीचं नको. पण ती तोवर फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली होती आणि गावाकडं माझ्या दिराला, माम्बेतला, सांगत होती की आई नाही म्हणाल्या, सुटलो. माझा मुलगा कुबात रशियात ट्रक चालवतो, इथं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर, त्यात सासू म्हातारपणी येशूच्या माणसांत जायला लागलेली. तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा सुटले म्हटलं असतं. मी चहा ओतून घेतला. चहा गरम होता का गार, ते आठवत नाही. बाहेर कुणीतरी पानं जाळत होतं, त्याचा धूर खिडकीतून येत होता, आणि मला सारखं वाटत होतं की मी काहीतरी कुठंतरी ठेवून आले आहे, छत्री, चष्मा, असलं काहीतरी.

हे सुरू कसं झालं, तेही धड सांगता येत नाही. मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात आसनअली गेला. त्याला गावाला नेलं, डोंगराच्या उताराला पुरलं, चाळीस दिवसांचं केलं, मी परत शहरात आले. तेव्हा नेल्या गाजराची तिखट कोशिंबीर घेऊन खाली आली. कोरियन बाई, तिच्या आजी-आजोबांना जुन्या सरकारनं इकडं आणून टाकलं, तेव्हापासून इथलेच. बसली. मी तिला एक गोष्ट सांगितली, लांडग्यानं आसनअलीकडं तंबाखू मागितल्याची. ती हसली नाही, म्हणाली, तुम्ही फार दमलाय, आपा. मला रागच आला. लांडग्याच्या गोष्टीला न हसणारी बाई मी पहिल्यांदा बघत होते. पुढं तिच्याकडं जायला लागले ते, खरं सांगायचं तर, तिच्या घरात हीटर चांगला होता म्हणून. बसून बसून त्यांची गाणी पाठ झाली. एक पोरगी कोमुज वाजवते, तीन तारांवर एवढं काही निघतं, आणि शब्द आपलेच, डोंगर, पाणी, सकाळ, आणि त्यात येशूचं नाव. मी गुणगुणायचे, मनात म्हणायचे, सूर चांगला आहे, सुराला काय धर्म असतो. मग एकदा गेनानं वाचून दाखवलं की येशू म्हणतो, दमलेल्यांनी, ओझं वाहून वाकलेल्यांनी माझ्याकडं यावं, मी विसावा देईन. मी सगळ्यांसमोर म्हटलं, बोलावतोय खरा, पण जेवायला काय करणार ते सांगत नाही. सगळे हसले. नेल्याही हसली. हसताना माझ्याकडं बघत राहिली.

आणि मग वसंतात, ओश बाजारात, मी वाळलेल्या जर्दाळूंची पिशवी घेऊन फूटपाथच्या कडेला, पाण्याच्या चारीपाशी बसले होते. पाय निघत नव्हते. पिशवी काही एवढी जड नव्हती. आणि मला ऐकू आलं, माझंच नाव, बुबुश, ये. झालं. एवढंच. वळून बघितलं तर एक बाई मुळे विकत होती, तिनं काही मला हाक मारली नव्हती. उन्हात चारीचं पाणी चमकत होतं. आणि पोटात कुठंतरी, जेवायच्या आधी वास येतो तेव्हा होतं तसं झालं. आता गोंधळ इथून आहे. मी जन्मभर लांडग्यांना बोलायला लावलंय. अस्वलांना, वाऱ्याला, एकदा तर आसनअलीच्या बुटांना. ते सगळे माझ्याच घशातून बोललेत. मग हा आवाज कुणाचा? आसनअलीचा म्हणावा तर तो 'अगं' म्हणायचा, नाव घ्यायचा नाही. माझाच म्हणावा तर मी स्वतःला कशाला बोलावीन, मी होतेच की तिथं. ज्याला रोज खोटे पैसे पाडायची सवय, त्याच्या हातात एक खरा पडला तर त्यानं ओळखायचा कसा? घरी येऊन मी आयझिरेकला सांगायला बसले. म्हटलं, आज बाजारात मला हाक आली. ती भांडी घासत होती, म्हणाली, बरं. मग तिनं मान वर करावी म्हणून मी म्हटलं, उजेड पडला. तिनं केली मान वर. मग मी म्हटलं, उजेडातून घोडा आला, पांढरा. ती हसायला लागली. मग घोड्याला चांदीचा लगाम आला, लगामाला घंटा आल्या, घोड्यानं मला पाठ वाकवून दाखवली. ती हसून हसून बेसिनला टेकली, आणि मीही हसत होते, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की आता यातलं खरं कुठलं ते मलाही सांगता येणार नाही. घोडा स्पष्ट दिसत होता. हाक पुसट झाली होती. तेव्हापासून मी ती कुणाला सांगितली नाही. झाकून ठेवली, पिठाचा गोळा झाकतात तशी, आणि अधूनमधून कापड उचलून बघायचे, आहे का, फुगलाय का.

बुधवारी माम्बेत आला. गावाहून गाडीत मटणाची पिशवी आणि बाटलीत कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, घेऊन, बूट दारात काढून, कानटोपी हातात चुरगळत. आसनअलीपेक्षा धाकटा, पण आता तोही म्हाताराच. त्याला मानाच्या जागी बसवायला आयझिरेकला नेहमीएवढं ओढावं लागलं. चहा झाला, गुरांचं झालं, कुणाचा घोडा चोरीला गेला ते झालं. माझी एक गोष्टही झाली, त्यानंच मागितली, लांडग्याची. तो हसला, डोळे पुसले, आणि मग तसाच ओला चेहरा घेऊन म्हणाला, "वहिनी, मी दादाच्या शेजारची जागा राखून ठेवलीय. तुमची."

मी म्हटलं, माहीत आहे भावजी, तुम्ही भले आहात.

"भला असून काय उपयोग," तो म्हणाला. "गावातले म्हातारे मला विचारतात. शहरातलं सगळं कानावर जातं त्यांच्या. म्हणतात, ती त्यांच्यात गेली तर तिला इथं पुरू देणार नाही, तू तिचा दीर असशील नाहीतर आणखी कुणी. वरच्या गावात झालं तसं. ती बाई शेवटी शहराच्या कबरस्तानात, रशियनांच्या कडेला गेली, तिचा नवरा इकडं, ती तिकडं. मला ते बघवणार नाही, वहिनी. दादा मला विचारेल, माझी बायको कुठं आहे रे. मी काय सांगू?"

मी त्याचा पेला पुन्हा भरला. आसनअलीनं मला कधी शोधलंय असं मला आठवत नव्हतं. मी नेहमी त्याच्या मागं दोन पावलांवर असायचे, चहाची किटली घेऊन.

"पण आता मिटलं," माम्बेतचा चेहरा उजळला. "आयझिरेकनं सांगितलं मला. त्यांनी ताट पुढं केलं आणि तुम्ही नको म्हणालात. सगळ्यांसमोर. मी गावात तेच सांगणार आहे. तुम्हाला काही करायचं नाही, वहिनी. काही बोलायचं नाही. नको म्हणालात, बस झालं."

बघा म्हणजे. ज्या एका 'नको'चा मला चार दिवस घोर लागला होता, त्याची इकडं कबर बांधून तयार होती. मला नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की आसनअली शेजारी, वर उतारावर ती पिवळी फुलं, खाली नदीचा आवाज, माम्बेतची नातवंडं दर वर्षी येऊन दुवा मागणार. आणि मी खोटंही बोलले नसते, कारण नको मी म्हटलं होतंच, तोंडानं, शहाण्यासुरत्या माणसांदेखत. त्याच्याकडं बघितलं, तो किती हलका झाला होता, कानटोपी चुरगळायची थांबली होती. मी म्हटलं, "भावजी, समजा मी नुसतं पहिलं नको म्हटलं असेन तर?"

त्याला कळलं. आमच्यातला माणूस, त्याला कळणारच. चेहरा एकदम बंद झाला. तो उठला. आयझिरेक म्हणाली, काका, जेवण होतंय, बसा की. तो नाही म्हणाला, आणि ते खरंच नाही होतं, पहिलं नव्हे. बूट चढवले. माझ्याकडं न बघता म्हणाला, तुम्हाला सगळ्याचा खेळ वाटतो, वहिनी, दादाचाही. दार उघडलं. आयझिरेक घाईनं नान घेऊन धावली, दारातच त्याच्यापुढं धरला, आणि त्यानं, तेवढ्या रागात, एक पाय बाहेर असताना, नानचा कोपरा मोडला, तोंडात घातला आणि गेला.

मी तिथंच बसून राहिले. आयझिरेक रडत होती की कांदा चिरत होती, कळत नव्हतं. माझ्या डोळ्यापुढं तो हात होता. राग होता त्याला, माझं तोंड बघायचं नव्हतं, मटण सोडून गेला, पण नानला त्यानं नको म्हटलं नाही. कुणीच म्हणत नाही. मानाच्या जागेला नको म्हणावं, मेंढीच्या डोक्याला नको म्हणावं, खांद्याच्या हाडाला, पुठ्ठ्याच्या मांसाला, वयाप्रमाणे आणि मानाप्रमाणे जे जे वाढतात त्याला नको म्हणावं. नान पुढं आला की तुकडा मोडायचा, वैरी असला तरी, पोट भरलेलं असलं तरी, घोड्यावर बसल्या बसल्या का होईना. ही आमची आईच्या दुधाबरोबर आलेली रीत. मग मी कसं नको म्हटलं? माझा हात छातीवर कसा गेला? तर त्या ताटाला मी नानचं ताट समजलेच नव्हते. मला ते मानाचं ताट वाटलं होतं. गेनानं येशूचं जेवण म्हटलं आणि मला वाटलं, आता इथं मोठ्यांचा मान होणार, आणि मी सगळ्यांत मोठी, तर आढेवेढे घ्यायला पाहिजेत. खरं तर त्या ताटातले तुकडे सगळे सारखे होते. ते मला तेव्हाच कुठंतरी खटकलं होतं. कोमुज वाजवणारी ती पोरगी आणि मी, दोघींना सारखाच तुकडा? नम्रपणानं मान खाली घातली म्हणते मी, पण खालून डोळे वर करून बघत होते, कोण आग्रह करतंय. हे सगळं मला कळलं असं वाटलं आणि लगेच परत निसटलं. कारण कळून काय करायचं? उतारावरची जागा काही त्यानं कमी खरी झाली नाही.

त्या आठवड्यात आसनअली माझ्या फार जवळ येऊन बसायला लागला. म्हणजे मेला माणूस येतो तसा नव्हे, मी आता घोडा आणणार नाही यात. आठवणच, पण वासासकट, मेंढीची चरबी आणि तंबाखू. आमच्या लग्नाला एखादं वर्ष झालं असेल तेव्हाची. उन्हाळ्याच्या कुरणावर मोठी मेजवानी होती, तो पाहुण्यांबरोबर आत, मी नवी सून, दारापाशी, चहा ओतायला. सुनांनी शेवटी जेवायचं, उरलेलं. आणि त्या धटिंगणानं, सगळे म्हातारे बसलेले असताना, आपल्या वाट्याचं मांस हातात धरून तिथूनच हाक मारली, "बुबुश, ये इकडं." नावानं. सगळी माणसं माझ्याकडं वळली. मला वाटलं, जमीन फाटावी. जावं तर निर्लज्ज, न जावं तर त्याचा हात तसाच वर धरलेला, बोटांवरून चरबी ओघळतेय. मी काय केलं, किटली उचलली. किटली घेऊन गेले, जणू चहा ओतायलाच आले, सगळ्यांचे पेले भरत भरत त्याच्यापाशी पोचले, आणि त्याचा पेला भरताना त्यानं तो तुकडा हळूच माझ्या दुसऱ्या हातात सरकवला. कुणाला दिसलं, कुणाला नाही. बाहेर जाऊन खाल्ला. थंड झाला होता. म्हणजे तो म्हणालाच होता एकदा नाव घेऊन, आणि मी विसरले होते. मग बाजारातली हाक त्याची होती? की ज्यानं बाजारात हाक मारली त्यालाही आसनअलीची ती हाक माहीत होती? हे माझ्याच्यानं सुटत नाही. मी ते सोडवायचं सोडून दिलं. एवढं मात्र दिसलं की जन्मभर कुणी बोलावलं की मी किटली घेऊन गेले आहे. नेल्याच्या घरीही. कणकेचे बोर्सोक तळून नेते, पेले विसळते, गोष्ट सांगून हसवते. रिकाम्या हातानं गेलेलं आठवतच नाही. लांडगेसुद्धा माझी किटलीच.

रविवारी जायचं नाही असं सकाळी ठरलं होतं. आयझिरेकनं मुद्दाम कणीक भिजवून ठेवली होती, मी घरात गुंतावं म्हणून. मी दोन लाट्या केल्या, मग हात झटकले. ती म्हणाली, आई, कुठं? मी म्हटलं, वर. ती दाराला पाठ लावून उभी राहिली नाही, तेवढी चांगल्या घरची आहे, पण म्हणाली, "गावाला काय तोंड दाखवू मी? तुमची कबर एकटी पडेल, आणि तिथं जायचं मला आहे, फुलं घेऊन." मी म्हटलं, तू फुलं कसली आणतेस, तू गाजरं आणशील. तिला हसायचं नव्हतं, तरी हसली, मग जास्तच रडली. मी तिच्या पिठाच्या हाताचा वास घेतला आणि निघाले. मला वाटत होतं, अजून काही ठरलेलं नाही, नुसतं वर जाऊन गाणी ऐकायची.

मानाच्या जागी बसले नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं आणि दारापाशी, सुना बसतात तिथं, बसले. त्यांनी ओढलं, मी हलले नाही, आणि मला स्वतःलाच कळेना की हे माझं नेहमीचं नको आहे का दुसरं. शेजारी किटली होती. मी उचलली आणि मांडीवर धरली. गाणं सुरू झालं. त्या पोरीच्या कोमुजची एक तार उतरली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. गेना बोलला. तेच, कुणाला यायचं असेल तर. मग नेल्या ताट घेऊन निघाली, वरच्या बाजूनं, एकेकापाशी थांबत, आणि मी किटलीचा कान दोन्ही हातांनी धरून बसले, आणि ती जवळ येत गेली, आणि माझ्या डोक्यात उतार, पिवळी फुलं, माम्बेतचा नान मोडणारा हात, चरबी ओघळणारी बोटं, मुळ्यांची बाई, सगळं एकदम, आणि घोडासुद्धा, तो निलाजरा घोडासुद्धा आला. नेल्या माझ्यापाशी आली. थांबली नाही. मागच्या रविवारी म्हातारीची पंचाईत झाली, या वेळी नको, असा तिचा चांगुलपणा. डोळ्यांनी हसली आणि ताट माझ्या डोक्यावरून पलीकडं न्यायला लागली.

"नेल्या," मी म्हटलं. "मला."

आमच्यात कुणी मागत नाही. लहान मूलसुद्धा पंगतीत मागत नाही, त्याला चिमटा बसतो. माझे कान तापले. कुणीतरी खाकरलं. नेल्या खाली वाकली, हळू आवाजात म्हणाली, "आपा, नक्की ना? नको असेल तर काही हरकत नाही."

आला की नाही आग्रह. उलटाच, पण आला. आणि माझा हात, माझा उजवा हात, मी सांगते तुम्हाला, किटलीवरून सुटून छातीकडं निघाला होता. मी बघत होते त्याच्याकडं. मग मी किटली जमिनीवर ठेवली, कारण दुसरं काही सुचलं नाही, आणि दोन्ही हात पुढं केले, रिकामे, पिठाचे डाग असलेले. तिनं तुकडा ठेवला. नेल्याला नान भाजता येत नाही हे पूर्वीपासून माहीत होतं. कडेला करपलेला, मधे कच्चा. मी चावला. बाजारातल्या हाकेपासून पोटात जे होत होतं ते थांबलं असं नाही, पण त्याला जागा मिळाली, म्हणावं तर असं.

शेवटी गेना म्हणाला, मोठ्यांनी दुवा मागावी, स्तुती करावी. मोठी मीच. हात पसरले सगळ्यांनी, माझ्याकडं बघत, काहींच्या ओठांवर हसू, म्हातारी आता काय सांगते. मलाही वाटलं, येईल काहीतरी, नेहमी येतं. तोंड उघडलं. मी म्हटलं, "तू बोलावलंस. नाव घेऊन बोलावलंस. मी उशिरा आले, तरी जेवण होतं. तुझं घर भरलेलं राहो." आणि थांबले, कारण पुढं नव्हतं. आम्ही कुणाच्याही घरी जेवून उठताना म्हणतो तेच मी देवाला म्हटलं, बरोबर की चूक, मला अजून माहीत नाही. ओमिन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. तेव्हा ती कोमुजवाली पोरगी, आयझिरेकनं तिला कधी सांगितलं कोण जाणे, म्हणाली, "एवढंच, आपा? घोडा नाही?"

"खाली बांधलाय," मी म्हटलं.

ते हसत असताना मी बाहेर जिन्यात, चार पायऱ्या खाली आले आणि माम्बेतला फोन लावला. त्याच्या मागं गुरं हंबरत होती. मी म्हटलं, भावजी, मी खाल्ला तो नान. स्वतः मागून घेऊन खाल्ला. पलीकडं बराच वेळ गुरंच बोलत राहिली. मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, ही तुमची नेहमीसारखी गोष्ट आहे ना? तसं असेल तर मला सांगा. मी हसेन आणि सोडून देईन."

दार पुन्हा उघडून धरलं होतं त्या भल्या माणसानं. मी भिंतीला टेकले. भिंत गार होती. म्हटलं, "नाही भावजी. ही खरी आहे."

"मग गावाला काय सांगू?"

"सांगा, बुबुशला जेवायला बोलावलं होतं, म्हणून ती गेली."

"आणि दादाच्या शेजारची जागा?"

ते मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं. "तिथं तुम्ही झोपा. तुम्ही घोरता, त्याला एकटं वाटणार नाही." पलीकडून आवाज आला, तो हसला की रडला, ते मला काही केल्या समजलं नाही. मग फोन बंद झाला. मी तिथंच उभी होते. कबुतरं जिन्याच्या खिडकीत येऊन बसली होती. मी काय केलं हे आसनअलीला कसं कळवायचं, हे मला सुचत नव्हतं. आणि कळेल, असंही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

वरून नेल्यानं हाक मारली, "आपा, चहा झालाय, या."

माझा हात छातीवर गेला. मी तो खाली ओढला आणि जिना चढायला लागले.